संगणकाला त्याचे नाव कोण सांगते?

वर्गात हजेरी सुरू असताना तुमचे नाव पुकारले की तुम्ही लगेच 'हजर' म्हणता. आपले नाव काय, हे तुम्हाला त्या वेळी कोठे शोधावे लागत नाही. पण समजा, कोणी विचारले, "तुला तुझे नाव कोणी सांगितले?" तर? बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले नाव तुम्हाला आठवत असणे शक्य नाही. घरची माणसे त्या नावाने हाक मारीत गेली, शाळेच्या दाखल्यावर ते लिहिले गेले आणि हळूहळू ते तुमचे झाले.

संगणकालाही नाव असते. जाळ्याला, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या यंत्राला 'होस्ट' म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणून त्याच्या नावाला 'होस्टनेम' म्हणतात. हे नाव यंत्राला कोठून कळते, आणि एखाद्या स्क्रिप्टला ते हवे असेल तर तिने कोणाला विचारायचे, हे आज पाहू. प्रश्न साधा वाटतो. मलाही तो साधाच वाटला होता. त्याची किंमत एकोणीस मुलांना मोजावी लागली, म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

वीस संगणक, एक नाव

काही वर्षांपूर्वी सोलापुरातील एका शाळेच्या संगणक कक्षात मी शिकवीत होतो. कक्षात वीस संगणक होते. बसवणाऱ्याने त्यांतील एकच संगणक नीट तयार केला आणि त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल बाकीच्या एकोणीस यंत्रांत उतरवली. वेळ वाचवण्याची ही पद्धत सगळीकडे रूढ आहे.

नववीच्या वीस मुलामुलींनी महिनाभर खपून प्रत्येकी एक प्रकल्प केला होता. कोणी सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याची पातळी नोंदली होती, कोणी नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील पक्ष्यांची यादी केली होती, तर कोणी घरच्या यंत्रमागावर रोज किती चादरी निघतात याचा तक्ता मांडला होता. हे सारे एका जागी गोळा करण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी. माझ्या यादीत चार आज्ञा होत्या :

१. या संगणकाचे नाव विचार.
२. मुख्य संगणकावर त्या नावाचे फोल्डर कर. आधीच असेल तर तेच वापर.
३. येथील 'प्रकल्प' नावाची फाइल त्या फोल्डरमध्ये ठेव.
४. येथील मूळ फाइल पुसून टाक, म्हणजे पुढच्या तुकडीला जागा मोकळी होईल.

विसाव्या संगणकावर स्क्रिप्ट चालवून मी मुख्य संगणक उघडला. तेथे वीस फोल्डर दिसायला हवे होते. दिसले एकच, आणि त्यात एकच फाइल. नक्कल उतरवताना पहिल्या यंत्राचे नावही सर्वांत उतरले होते. वीसही संगणकांनी आपले नाव तेच सांगितले. दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या फाइलवर बसली, तिसऱ्याची दुसऱ्याच्या, आणि शेवटी विसाव्याची तेवढी शिल्लक राहिली. मूळ फायली तर मीच पुसायला लावल्या होत्या.

यंत्रांचा दोष नव्हता. त्यांना जे विचारले त्याचे त्यांनी बरोबर उत्तर दिले होते. 'नाव म्हटले की ते वेगळे असणारच' हे मी गृहीत धरले होते. मुले रागावली नाहीत, हे मला अधिक लागले. त्यांतील एकीने मात्र विचारले, "सर, पण संगणकाला त्याचं नाव सांगतं कोण?" त्या दिवशी मी तिला अर्धवट उत्तर दिले. पुरे उत्तर पुढे देत आहे.

घरचे नाव, पूर्ण नाव आणि क्रमांक

एखाद्या मुलाला घरी 'बाळू' म्हणतात. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव बाळकृष्ण असते, पुढे वडिलांचे नाव आणि आडनावही असते. शिवाय त्याला एक हजेरी क्रमांक असतो. तिन्ही खुणा एकाच मुलाच्या आहेत, पण त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या आहेत : एक घरच्यांच्या तोंडी, एक शाळेच्या नोंदवहीत आणि एक वर्गशिक्षकांच्या यादीत. घरचे नाव बदलले तर हजेरीपट आपोआप बदलत नाही.

संगणकाचेही तसेच आहे. एक, यंत्राने स्वतःजवळ ठेवलेले छोटे नाव. दोन, जाळ्याच्या नोंदवहीत असलेले पूर्ण नाव. तीन, जाळ्यातील क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता. ही तिन्ही एकमेकांशी जुळतीलच, असे कोणतेही यंत्र हमखास सांगू शकत नाही. ती जुळवून ठेवणे हे माणसाचे काम आहे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली, म्हणजे पुढचे सारे सोपे जाते.

वडाळा कोणते?

छोट्या नावावर भागत असताना पूर्ण नावाची गरज का पडली? आपल्या पत्त्यांकडे पाहा. वडाळा म्हटले की मुंबईच्या माणसाला तेथील उपनगरी रेल्वे स्थानक आठवते, आणि सोलापूरच्या माणसाला उत्तर सोलापूर तालुक्यातील गाव आठवते. म्हणून आपण लिहितो : मु. पो. वडाळा, ता. उत्तर सोलापूर, जि. सोलापूर. गावात 'वडाळा' एवढे पुरते, पण बाहेरच्याला तालुका आणि जिल्हाही सांगावा लागतो.

संगणकाचे पूर्ण नाव याच रीतीने बनते. सोलापूर जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नाव 'सोलापूर डॉट गव्ह डॉट इन' असे आहे. ते उजवीकडून वाचा. 'इन' म्हणजे भारत, 'गव्ह' म्हणजे शासकीय, आणि त्यातील 'सोलापूर'. लहान भाग आधी आणि मोठा नंतर, अगदी आपल्या पत्त्यासारखे.

आता पिन कोड पाहा. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाची वर्गवारी अवघड होत असे. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. सोलापूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिन ४१३००१ आहे. पहिला ४ हा पश्चिमेकडील विभाग दाखवतो, ४१३ हे तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक नेमकी टपाल कचेरी सांगतात. मुंबईचे पिन ४०० ने सुरू होतात, त्यामुळे दोन वडाळ्यांची गल्लत उरत नाही.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो, तर पिन मोठ्याकडून लहानाकडे. संगणकाच्या जाळ्यातही हुबेहूब हेच आहे. पूर्ण नाव यंत्रापासून सुरू होऊन देशापर्यंत जाते. आयपी पत्ता मात्र उलट चालतो. १९२.१६८.१.२५ यासारख्या क्रमांकात आधीचे आकडे जाळे सांगतात आणि शेवटचे आकडे त्या जाळ्यातील यंत्र सांगतात.

नाव यंत्राच्या आत कोठे असते?

आता स्क्रिप्टकडे वळू. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उदाहरणासाठी घेऊ. संगणकाचा सारा कारभार पाहणारा तिचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. वीज बंद असताना कर्नलला काहीच आठवत नसते. म्हणून नाव हार्ड डिस्कवरच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते. त्या फाइलचे नावही 'होस्टनेम' असेच आहे. संगणक सुरू होताना ही फाइल वाचली जाते आणि तीतील नाव कर्नलच्या हवाली केले जाते. तेव्हापासून संगणक बंद होईपर्यंत कर्नल ते नाव आपल्या स्मृतीत बाळगतो.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : संगणकाला त्याचे नाव त्याच्याच डिस्कवरची एक फाइल सांगते, आणि त्या फाइलमध्ये ते कोणा माणसाने लिहिलेले असते. डिस्कची नक्कल केली की फाइलची नक्कल होते, आणि फाइलबरोबर नावही जाते.

स्क्रिप्टला नाव हवे असेल तर ती 'होस्टनेम' ही आज्ञा देते. लिनक्सवर 'युनेम' या आज्ञेला 'एन' हे अक्षर जोडूनही तेच उत्तर मिळते. पायथन भाषेत लिहिणारे 'सॉकेट' या संचातील 'गेटहोस्टनेम' वापरतात. वाटा निराळ्या दिसल्या तरी त्या साऱ्या कर्नलपाशीच जाऊन पोचतात. गेटहोस्टनेम ही विचारणा १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली युनिक्समध्ये आली. आज चाळीस वर्षांनंतरही ती त्याच नावाने चालू आहे.

आणखी एक वाट आहे, पण ती जपून वापरावी. बॅश हे आज्ञा स्वीकारणारे साधन सुरू होताना यंत्राचे नाव विचारून घेते आणि ते आपल्याजवळ एका चलात टिपून ठेवते. स्क्रिप्ट लिहिणारे पुष्कळदा हे टिपणच वाचतात. वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात सकाळी तारीख लिहिलेली असते, ती पाहण्यासारखेच हे आहे. ती बहुधा बरोबर असते. पण सुटीनंतर कोणी ती पुसली नसेल तर फळ्यावर शनिवार असतो आणि बाहेर सोमवार उगवलेला असतो. यंत्राचे नाव मध्येच बदलले तर टिपणात जुनेच राहते. शिवाय काही साधी साधने असे टिपण ठेवतच नाहीत. तेथे स्क्रिप्टला रिकामे उत्तर मिळते आणि ती बिनतक्रार पुढे जाते. म्हणून फळा न वाचता प्रत्यक्ष विचारावे, हा पहिला नियम.

विंडोजमध्येही 'होस्टनेम' ही आज्ञा चालते. तेथे संगणकाचे एक जुन्या पद्धतीचे नावही असते, ते १५ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही. लांब नाव दिले तर त्याची शेपटी कापली जाते. 'सोलापूरप्रयोगशाळा' अशा नावापुढे ०१ ते २० असे आकडे लावले, तर रोमन लिपीत लिहिताना ते आकडेच तुटून जातील आणि पुन्हा वीस यंत्रांचे एक नाव होईल!

जाळ्याची नोंदवही

आतापर्यंत आपण यंत्राला 'तू स्वतःला काय म्हणतोस?' असे विचारले. 'जग तुला काय म्हणते?' हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर यंत्रापाशी नसून नोंदवहीत असते.

आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेल्या आर्पानेट या अमेरिकी जाळ्यात आरंभी अशी एकच नोंदवही होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई. नवे यंत्र जोडले की त्याचे नाव आणि क्रमांक तेथे कळवायचे, आणि इतरांनी त्या वहीची प्रत मागवून घ्यायची. यंत्रे थोडी होती तोवर हे चालले. पुढे यंत्रे वाढली, प्रती शिळ्या होऊ लागल्या आणि एकच नाव दोघांनी मागावे असेही होऊ लागले.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोडगा सुचवला. एका मोठ्या वहीऐवजी त्यांनी कामाची वाटणी केली. देशाच्या नावाची वही एकाने सांभाळावी, तिच्यातील शाखेची दुसऱ्याने, आणि शाखेतील यंत्रांची तिसऱ्याने. जिल्ह्याला तालुक्यांची यादी ठाऊक असली म्हणजे पुरते. प्रत्येक घराची नोंद ग्रामपंचायत ठेवते. या व्यवस्थेला 'डोमेन नेम सिस्टिम' किंवा थोडक्यात डीएनएस म्हणतात. भारताची 'इन' ही शाखा १९८९ साली नोंदली गेली. आरंभी तिची वही मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था सांभाळीत असे. २००५ पासून ते काम नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया पाहते.

जुन्या वहीचा एक अवशेष मात्र आजही प्रत्येक संगणकात आहे. 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये क्रमांक आणि नावे यांच्या जोड्या लिहिता येतात. स्क्रिप्टने पूर्ण नाव मागितले की संगणक सामान्यतः आधी ही घरची वही पाहतो, तीत सापडले नाही तरच डीएनएसला विचारतो. म्हणून घरच्या वहीत कोणी चुकीची ओळ लिहून ठेवली असेल, तर बाहेर सारे बरोबर असूनही उत्तर चुकते. लिनक्सवर 'होस्टनेम' आज्ञेला 'एफ' हे अक्षर जोडले म्हणजे पूर्ण नाव मिळते. पण ते या साऱ्या शोधानंतर मिळालेले नाव असते, आणि कोणतीच नोंद नसेल तर कधी छोटेच नाव परत येते, कधी चुकीची सूचना येते.

उलटा शोध

क्रमांक ठाऊक आहे आणि नाव हवे आहे, असेही होते. पिनवरून गाव शोधावे तसे हे आहे. डीएनएसमध्ये नावे लहानाकडून मोठ्याकडे आणि क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे, हे आपण पाहिलेच. मग नावांच्या वहीत क्रमांक कसा शोधायचा? उपाय सोपा आहे. क्रमांकाचे चार भाग उलट्या क्रमाने लिहायचे. १९२.१६८.१.२५ चे २५.१.१६८.१९२ करायचे, पुढे एक ठरावीक शेपूट जोडायची आणि नावासारखेच शोधायचे.

येथेही एक खाच आहे. नावावरून क्रमांक सांगणारी वही नावाच्या मालकाकडे असते, तर क्रमांकावरून नाव सांगणारी वही क्रमांकाच्या मालकाकडे, म्हणजे बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे असते. दोघांनी एकमेकांना विचारून लिहिलेले असेलच असे नाही. शिवाय घरातील सारे संगणक आणि मोबाइल बाहेरच्या जगाला पुष्कळदा राउटरच्या एकाच क्रमांकाने दिसतात. बाहेरून विचारले तर वाड्याचा पत्ता मिळतो, वाड्यातील खोली कळत नाही. उलट शाळेतील एकाच संगणकाला तार आणि वाय-फाय अशी दोन जोडण्या असतील तर त्याला क्रमांक दोन मिळतात, नाव मात्र एकच राहते. म्हणून क्रमांकावरून शोधलेले नाव हेच यंत्राचे नाव, असे समजू नये.

सर्वांचा 'मी'

नवख्या माणसाला चकवणारा आणखी एक क्रमांक आहे : १२७.०.०.१. प्रत्येक संगणकात हा क्रमांक असतो आणि त्याचा अर्थ 'मी स्वतः' असा होतो. त्याचे नाव 'लोकलहोस्ट'. 'मी' हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा असतो. अंधारात कोणी दार वाजवले आणि 'कोण?' या प्रश्नाला 'मी' एवढेच उत्तर आले, तर काय कळणार? डेबियन आणि तिच्यावर आधारित उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत घरच्या वहीत यंत्राच्या नावापुढे १२७.०.१.१ असा क्रमांक लिहिण्याची चाल आहे. तोही याच कुळातला. स्क्रिप्टने आपल्या नावावरून आपला क्रमांक शोधला आणि तो मुख्य संगणकाला कळवला, तर मुख्य संगणकाला तो 'मी' वाटतो आणि तो स्वतःलाच हाक मारीत बसतो.

मग विचारायचे कोणाला?

आता सारे एकत्र मांडू.

फायलीला नाव देणे किंवा रोजच्या नोंदीत 'हे काम कोणत्या यंत्रावर झाले' हे लिहिणे एवढाच हेतू असेल, तर कर्नलला विचारावे. हे उत्तर तात्काळ मिळते आणि जाळे बंद असले तरी मिळते.

दुसऱ्या यंत्राने आपल्यापर्यंत पोचावे असा हेतू असेल, तर आपण स्वतःला काय म्हणतो याला महत्त्व नाही. नोंदवहीतील पूर्ण नाव हवे. ते दुसऱ्या यंत्रावरून शोधून खरे करून घ्यावे.

दोन यंत्रांत गल्लत होऊ नये असा हेतू असेल, तर नुसत्या नावावर विसंबू नये. यंत्राच्या आत एक लांबलचक ओळख-क्रमांकही साठवलेला असतो, पण डिस्कची नक्कल करताना तोही नकलतो. नेटवर्क कार्डाचा स्वतःचा १२ अंकाक्षरांचा क्रमांक डिस्कवर नसून कार्डावर असल्याने तो नकलत नाही. मात्र आज्ञा देऊन तो बदलता येतो आणि कार्ड बदलले की तो जातो. म्हणजे कोणतीच एक खूण परिपूर्ण नाही.

आमच्या कक्षात पुढे आम्ही काय केले? प्रत्येक संगणकाला वेगळे नाव दिले, त्याची चिठ्ठी यंत्रावर चिकटवली आणि वीस नावांची यादी भिंतीवर लावली. स्क्रिप्टही बदलली. आता ती यंत्राच्या नावापुढे विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक जोडते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती थांबते आणि विचारते. मूळ फाइल मात्र ती पुसत नाही, ते काम नक्कल उघडून पाहिल्यावर माणूस करतो. त्या एकोणीस मुलांनी प्रकल्प पुन्हा केले. काहींचे पहिल्यापेक्षा चांगले झाले, पण तलावाच्या गेलेल्या महिन्याची पातळी काही पुन्हा मोजता आली नाही.

नाव ठेवताना

होस्टनेममध्ये रोमन अक्षरे, आकडे आणि मधले संयोगचिन्ह एवढेच चालते. मोकळी जागा चालत नाही. पूर्ण नावातील दोन टिंबांमधील भाग ६३ अक्षरांहून लांब असू नये. डीएनएसला रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे सारखीच वाटतात, पण स्क्रिप्टला ती निराळी वाटतात. म्हणून सर्व नावे लहान अक्षरांत लिहिण्याची सवय चांगली.

मग देवनागरीचे काय? २०१४ साली 'भारत' ही देवनागरी शाखा सुरू झाली. तेलुगू, कन्नड आणि उर्दू लिपींतही तशी सोय झाली आहे, म्हणजे सोलापूरच्या बाजारात ऐकू येणाऱ्या चारही भाषांना आता स्वतःच्या लिपीत पत्ता लिहिता येतो. मात्र आतल्या यंत्रणेत ही अक्षरे एका ठरावीक रीतीने रोमन अक्षरांच्या माळेत बदलली जातात आणि डीएनएस ती माळच शोधते.

एक सावधगिरी सांगतो. पुष्कळ जण लॅपटॉपला स्वतःचे पूर्ण नाव देतात. लॅपटॉप वाय-फायला जोडताना बहुधा आपले होस्टनेम राउटरला सांगतो. मग बसस्थानकावरच्या किंवा उपाहारगृहातल्या राउटरलाही तुमचे नाव कळते. यंत्राला फुलाचे किंवा नदीचे नाव द्या. सीना आणि भीमा ही नावे काही वाईट नाहीत.

करून पाहा

(आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकित कराव्या. शाळेत शिक्षकांना विचारूनच हे प्रयोग करा.)

१. आज्ञांची खिडकी उघडून 'होस्टनेम' ही आज्ञा द्या. शेजारच्या संगणकावरही द्या. कक्षातील सर्व नावांची यादी करा. दोन यंत्रांचे एक नाव आढळते का?

२. 'पिंग' या आज्ञेपुढे आपल्याच संगणकाचे नाव लिहा. कोणता क्रमांक दिसतो? तो १२७ ने सुरू होतो का?

३. 'पिंग'पुढे सोलापूर जिल्ह्याच्या संकेतस्थळाचे नाव लिहा. पलीकडून प्रतिसाद आला नाही तरी पहिल्या ओळीत क्रमांक दिसेल. तो कोणी सांगितला?

४. 'एनएसलुकअप' या आज्ञेपुढे ८.८.८.८ हा क्रमांक लिहा. हा उलटा शोध आहे. उत्तरात 'डीएनएस डॉट गूगल' हे नाव येईल.

स्वाध्याय

१. एका शाळेने संगणकाचे नाव 'भीमा'चे 'सीना' केले, पण नोंदवहीत कळवले नाही. कोणाचे काम अडेल आणि कोणाचे अडणार नाही?

२. पिन कोड आणि आयपी पत्ता यांत एक साम्य व एक फरक सांगा.

३. लेखाच्या आरंभीच्या स्क्रिप्टमधील चार आज्ञांपैकी कोणत्या दोन बदलल्या असत्या तर, नाव एकच असूनही, कोणाचे काम बुडाले नसते? कारण द्या.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी वहीत लिहा आणि मगच लेख पुन्हा वाचा. स्क्रिप्ट लिहिताना आपण कशाकशाला गृहीत धरतो, हे त्यातून तुमच्या ध्यानात येईल.